उघाडीजवळचं पाणी

होडी रिकामी सापडली त्या दिवशी मी कारखान्यातून पहिली पाळी करून घरी येत होतो. बांधावर माणसं उभी होती. माझा मेव्हणा नाथा पुढे आला आणि म्हणाला, "भाऊजी, मालू दिसत नाय."

मालू माझी बायको. कळव्याच्या पुढे आमच्या गावाशेजारचं मिठागर बंद पडलं होतं आणि तिथे खाडीच्या पाण्याचं मोठं तळं झालं होतं. तळं आणि खाडी यांच्यामध्ये बांध, बांधात फळ्यांची उघाडी. फळ्या काढल्या की भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला बाहेर जातं. या तळ्यात मालू जिताडे मासे धरायची. तिची होडी एकट्या माणसापुरती होती.

नाथा बोटीवर खलाशी. एक्क्याण्णव साली त्याने परदेशातून मऊ रबराचे मासे आणले. गळाला लावून ओढले की शेपटी हलायची. शेजारची मनुबाई हसली, "काय गो मालू, आता रबराचं म्हावरं शिजवतस का?"

मालू म्हणाली, "तुझा नवरा रोज रिकामं जालं घेऊन येतो, त्याला वाढ."

मालू रबराचा मासा तळापर्यंत बुडू द्यायची आणि हळूहळू ओढायची. जिताडा लागायचा. पुढे मनुबाईच तिच्याकडून मासळी घ्यायला लागली.

त्या दिवशी काय झालं ते कोणी पाहिलं नाही. ओहोटी लागली होती. गावचा पाटील गोमाजी म्हणाला, "फळ्या काढा. तळं उतरंल, पोरगी दिसंल." मासळी धरायची असली की आम्ही असंच करतो. फळ्या काढल्या. पाणी आवाज करत खाडीत गेलं. चिखल उघडा पडला. उघाडीजवळचा डोह तेवढा भरलेला राहिला. मालू दिसली नाही.

मग नाथाने विचारलं, "उघाडीला जालं लावलेलं का?"

मासळीसाठी फळ्या काढताना आधी जाळं लावतात, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पण माणसासाठी जाळं लावायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

म्हणजे ती खाडीत गेली असेल, नाहीतर डोहाच्या गाळात असेल. पोलिसांनी दोन्हीकडे शोधलं आणि ते निघून गेले.

ज्या पाण्यात माणूस आहे त्या पाण्यातलं म्हावरं आमच्यात कोणी खात नाही. माणसाचे विधी झाले की पाणी मोकळं होतं. तळ्यावर जगणाऱ्या घरांची मासेमारी थांबली. गोमाजी माझ्याकडे आला. "दर्भाचा पुतळा करू, अग्नी दे. तिला पण वाट मिलंल."

मी म्हणालो, "सापडल्याशिवाय नाही."

मी मालूच्या होडीतून डोहावर जायला लागलो. तिचेच रबराचे मासे मोठ्या गळांना लावून तळाशी ओढायचो. जिताडा लागला तर सोडून द्यायचो. काठावरून कोणी हाक मारत नसे.

पावसाळ्यानंतर एकदा गळ अडकला. मी ओढला तर सावकाश वर यायला लागला. बांधावर उभा असलेला नाथा पाण्यात उतरला. चिखलातून लुगड्याचा तुकडा निघाला, हातभर.

बांधावर माणसं जमली. मनुबाईने तो धुतला आणि रडायला लागली. "मालूचाच हाय. त्या दिवशी लाल नेसलेली, मी बघितली."

मी तुकडा हातात घेतला. खाऱ्या पाण्याने आणि गाळाने रंग उरला नव्हता. लाल होता की हिरवा, सांगता येत नव्हतं. भरतीबरोबर खाडीतून जुनी लुगडी वाहून येतात. मी त्या दिवशी अंधारात घराबाहेर पडलो तेव्हा मालू झोपलेली होती. ती काय नेसली होती ते मला माहीत नाही.

गोमाजी हळू आवाजात म्हणाला, "हो म्हण, बाबा. एवढ्यावर अग्नी देता येतो. पोरं उपाशी हायत लोकांची."

मी नाथाकडे बघितलं. तो तिचा सख्खा भाऊ. तो म्हणाला, "भाऊजी, मला पण ओलखता येत नाय."

मी नाही म्हणालो. दुसऱ्या कोणाच्या लुगड्याला मालू म्हणून अग्नी देणं मला जमलं नाही. गोमाजी गेला. बाकीचेही गेले.

तळ्यावर जगणारी तीन घरं नंतर तळं सोडून दिवा गावाला राहायला गेली. मालूला अजून अग्नी द्यायचा आहे.