सालीसकट लेंगुआ

माझ्या मुलाचं, एफ्रेनचं, पहिलं लग्न मी मोडलं असं आमच्या पांपांगा प्रांतातल्या ग्वाग्वा गावात अजून म्हणतात. साफ खोटं आहे. लग्न झालंच नव्हतं; आम्ही नुसती मागणी घालायला गेलो होतो. मुलीच्या आजीने वाढलेल्या कारे-कारेचा, म्हणजे शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातल्या मटणाचा, एक घास घेतला आणि मी विचारलं, "शेंगदाणे घरी भाजायला वेळ मिळाला नाही वाटतं?" साधा प्रश्न. पण आजी ताटावरून उठून आत गेली ती परत बाहेर आलीच नाही, आणि आठवड्याने निरोप आला की मुलीला अजून पुढे शिकायचंय. मुलगी तेव्हा एकतीस वर्षांची होती.

त्यानंतर चार वर्षं एफ्रेनने लग्नाचं नाव काढलं नाही. मग ओलोंगापोला, तो शिकवतो त्याच शाळेत, नोव्हेलिन शिकवायला आली. तिचे आईवडील सांबालेसच्या किनाऱ्यावर पालावीगला राहतात, बाप मासेमारी करतो. दिवस ठरला, आणि मुलाकडच्यांनी जायचं तसे आम्ही निघालो: एफ्रेन, मी आणि माझा थोरला भाऊ, कोया तिनोंग. हा नगरपालिकेतून निवृत्त झालेला कारकून. मागणीचे शब्द वडीलधाऱ्याने बोलायचे असतात, आणि कोयाला बोलायला फार आवडतं. माझ्याकडे काम एकच होतं, चिकट भाताच्या गोड बिकोचं ताट मांडीवर धरून बसायचं. बिको न्यावाच लागतो, नवराबायको एकमेकांना चिकटून राहावीत म्हणून.

सुबिक गाव मागे पडल्यावर एफ्रेन आईला, म्हणजे मला, म्हणाला, "इमा, आज जेवणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"कुणी विचारलं तर?"

"छान म्हणायचं."

"आणि छान नसलं तर?"

"इमा!"

"बरं बाई. छान."

त्याने पुढचा ट्रक मागे टाकला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "या वेळी मोडलं ना, तर मी पुन्हा कुणाला विचारणार नाही." चिडून नाही म्हणाला. चिडला असता तर मी उलट चार शब्द ऐकवले असते. पस्तिशी उलटलेलं पोर माझं, रविवारी स्वतःचे सात शर्ट इस्त्री करून ओळीने टांगतं, आणि ती ओळ बघवत नाही. मी त्याच्या मेलेल्या बापाची शपथ घेतली. जेवणाबद्दल एक अक्षर नाही.

"आणखी एक," तो म्हणाला. "नोव्हेलिनची आई लेंगुआ करतेय. क्रीममधला. मीच सांगितलं, तुला आवडतो म्हणून."

आता हे ऐका. आमच्या घरात लेंगुआ म्हणजे जत्रेचा, बारशाचा पदार्थ. माझी आजी करायची, आई करायची, चाळीस वर्षं मी करतेय. बैलाची जीभ मिठाने घासायची, मिरी आणि तमालपत्र घालून तीन तास मंद उकळायची, आणि हात लावता येत नाही इतकी गरम असतानाच तिची साल ओढून काढायची. बोटांवर फुंकर मारायची आणि ओढायचं. गार झाली की साल धरून बसते, मग सुरी घेऊन रडा. त्यानंतर काप करून लोण्यात परतायचे, मशरूम, चार ऑलिव्ह, वरून क्रीम. माझ्या बोटांची टोकं केव्हाच बधिर झालीत, आधणाचं भांडं मी फडक्याशिवाय उतरवते. क्रीम काय, कुणीही ओततं. बाईची परीक्षा त्या सालीत.

"कोळ्याच्या घरी लेंगुआ?" मी म्हटलं.

"इमा."

"नुसतं विचारलं."

"विचारायचं पण नाही."

मागे कोया तिनोंग नवी कवळी काढून रुमालाने पुसत होता. तो म्हणाला, "हिला गप्प बसवणं म्हणजे कोंबड्याला शपथ घालणं आहे." मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

आलिंग चेडिंग, म्हणजे नोव्हेलिनची आई, दारातच उभी होती. एवढीशी बाई, कडक इस्त्रीचा झगा, आणि मनगटाजवळ चुलीचा ताजा चटका. "या मिसिस, या. रस्त्यात त्रास नाही ना झाला?" आमच्याकडे विहिणी एकमेकींना बालाए म्हणतात. मिसिस म्हणजे दार अजून किलकिलंच होतं. चावणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत होती. कारे-कारेची गोष्ट डोंगर ओलांडून पालावीगपर्यंत पोचली होती, उघड आहे. तिचा नवरा मांग इस्को हसला, खुर्ची पुढे सरकवली आणि पुढे तासभर एक शब्द बोलला नाही.

टेबलावर तळलेले मासे होते, खेकडे होते, समुद्री शेवाळाची कोशिंबीर होती, आणि मधोमध, घरातल्या सगळ्यात चांगल्या काचेच्या भांड्यात, लेंगुआ. क्रीम दाट, वर मशरूम नीट रचलेले. मला मनापासून बरं वाटलं. आलिंग चेडिंगने सगळ्यात आधी मलाच वाढलं आणि डाव हातात घेऊन मागे उभी राहिली. पाहुणे जेवल्याशिवाय घरची बाई घास घेत नाही, त्यामुळे तिने अजून काहीच खाल्लं नव्हतं.

मी घास घेतला. क्रीम छान, मीठ नेमकं. मग दात खाली गेले आणि तिथेच थांबले.

साल. बैलाने जन्मभर जिने गवत ओढलं ती काटेरी, खरखरीत साल, जशीच्या तशी. मी चावलं. ती काही तुटेना. इकडच्या दाढेखालून तिकडच्या दाढेखाली नेली, तिकडेही तेच. समोर नोव्हेलिन तोंडात घास धरून पुतळ्यासारखी बसली होती, आणि टेबलाखाली एफ्रेनने बुटासकट आपला पाय माझ्या पायावर ठेवला.

"कसं झालंय, मिसिस?" आलिंग चेडिंगने विचारलं. "खरं सांगू, जन्मात पहिल्यांदा केलं. खाटीक मेला म्हणतो, साल काढून टाका. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? मासा कधी कुणी साल काढून खाल्लाय? सगळी चव तर सालीत. पाहुणे पांपांगाहून यायचेत आणि त्यांना मी उरलासुरला गाभा वाढू होय? एवढीशीसुद्धा निघू दिली नाही मी."

माझ्या तोंडात चार वाक्यं तयार होती. एकापेक्षा एक सरस, आजही आठवतात. त्या सालीसकट चारही गिळली.

"छान," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरून भीती अशी झर्रकन उतरली की मला माझीच लाज वाटली. एका बाईला माझी इतकी भीती वाटावी? "मग घ्या ना आणखी!" म्हणत तिने पुन्हा वाढलं. मी खाल्लं. तिने तिसऱ्यांदा वाढलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड चालू ठेवून.

जेवण उरकत आलं तशी बोलायची वेळ झाली. सगळ्यांनी कोया तिनोंगकडे पाहिलं. कोया उठला, छाती पुढे काढली, तोंड उघडलं, आणि घाईघाईने रुमाल तोंडाशी नेऊन खाली बसला. सालीने त्याची वरची कवळी हिरडीवरून उपटली होती. एका हाताने त्याने रुमाल धरला आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, तूच बोल.

म्हणजे जिला गप्प बसवून आणलं तिनेच मागणी घालायची! पाठ केलेलं काही नव्हतं. मी म्हटलं, "मांग इस्को, आलिंग चेडिंग, माझा मुलगा साधा आहे. भांडी घासताना शिट्टी वाजवतो, बेसूर. खोटं बोलता येत नाही त्याला. तुमची मुलगी भेटल्यापासून घरात हसायला लागलाय. ती आम्हाला द्या."

"न्या की," मांग इस्को म्हणाला. सगळे हसले. नोव्हेलिन रडायला लागली, आणि मला वाटलं, झालं, जिंकलं.

"माझी एक अट आहे," आलिंग चेडिंग म्हणाली. ती आनंदाने लाल झाली होती. "लग्न इथे लागणार आणि लग्नाचा लेंगुआ मी करणार, माझ्या हाताने. मिसिसनी तीनदा घेतला! खाटकाला तीस जिभा सांगून ठेवते. सगळ्या सालीसकट."

एफ्रेनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. माझ्या डोळ्यांपुढे अख्खं ग्वाग्वा येऊन बसलं. माझ्या दोन जावा, चार नणंदा, चर्चच्या बायका, सगळ्या ओळीने चावतायत. आणि मग एकमेकींकडे बघतायत. मी फटकळ असेन, पण त्यांच्यापुढे मी मुकी. त्या हिला हसतील, ही चटका बसलेल्या हाताने वाढत असेल, आणि हिला कळणारसुद्धा नाही का हसतात ते. खरं सांगते, तीनदा वाढलेलं घशाखाली उतरलं, पण हे उतरेना. बोलले तर शपथ मोडते आणि ही बाई लेकीसमोर, नवऱ्यासमोर उघडी पडते. नाही बोलले तर तीनशे माणसांसमोर. इकडे आड, तिकडे विहीर.

"मला जरा हात धुवायचेत," मी म्हटलं. एफ्रेन अर्धा उठला. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, बस खाली.

स्वयंपाकघरात चुलीवर टोप उकळत होता. "दुसरी अख्खी आहे," माझ्या मागोमाग आलेली आलिंग चेडिंग म्हणाली, "तुम्हाला बांधून द्यायला ठेवलीय."

शपथ जेवणाबद्दल न बोलण्याची होती. हाताबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. मी टोपात हात घातला.

"अहो! भाजेल!"

मी जीभ उचलून फळीवर ठेवली, बुडाशी सुरीचं टोक लावलं, अंगठा आत सरकवला आणि ओढलं. पोराच्या पायातला मोजा निघावा तशी साल सरसर निघून आली. आलिंग चेडिंग ओरडली, "काय करताय काय! चव—" मी सोललेल्या जिभेचा एक काप तिच्या तोंडात घातला. आणि सालीचा एक तुकडा कापून तिच्या तळहातावर ठेवला.

तिने काप खाल्ला. थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग सालीचा तुकडा तोंडात टाकला आणि चावायला लागली. चावतेय, चावतेय. मी हात धुतले, पुसले, फडकं घडी करून दांडीवर टाकलं, तरी ती चावतच होती. शेवटी खिडकीपाशी गेली आणि कोंबड्यांच्या दिशेने थुंकली. कोंबड्या आल्या, बघून गेल्या.

"हे तुम्ही तीनदा घेतलंत?"

मी मान डोलावली.

"वर छान म्हणालात?"

मी पुन्हा मान डोलावली.

"का?"

हा प्रश्न जेवणाबद्दल नव्हता, म्हणून मला बोलता आलं. "पोराला शब्द दिलाय. आणि मुलगी हवी आहे आम्हाला."

ती स्टुलावर बसली, झग्याचं टोक तोंडाला लावलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला ती आत निघून गेलेली आजी आठवली. गेलं, मी मनात म्हटलं, याही वेळी मीच घालवलं, तेही तोंड न उघडता. "रडू नका हो," मी म्हटलं.

ती रडत नव्हती. हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. श्वास मिळाला तशी ती म्हणाली, "महिनाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! सगळा गाव म्हणतोय, ती ग्वाग्वाची बाई तुझ्या पोरीला फाडून खाईल. आणि तुम्ही इथे..." पुढचं तिला बोलता येईना. मग तिने डोळे पुसले, माझा लालबुंद हात आपल्या चटक्याच्या हातात धरला आणि म्हणाली, "मला दाखवा नीट. बुडाशी सुरी, मग अंगठा. तीस आहेत, दोघी मिळून काढू, बालाए."

बालाए. मी सुरी तिच्या दुसऱ्या हातात दिली.

"आता माझी काळजी मिटली," ती म्हणाली. "हे जिने खाल्लं ती नोव्हेलिनच्या हातचं काहीही खाईल. तिला साधा भातसुद्धा येत नाही."

माझा हात तिच्या हातात तसाच राहिला. भात? बत्तीस वर्षांच्या मुलीला भात येत नाही?

दारातून एफ्रेनने घाबरत डोकं आत घातलं. "इमा? काय चाललंय?"

मी आवंढा गिळला.

"छान," मी म्हटलं.