ज्याचा त्यानं घड खावा

चतुरावहिनीला सोसायटीची चेअरमन केली तेव्हा सगळ्यात मोठी बोंब मीच मारली होती. म्हटलं, बाईमाणसाला परदेशी धाडायच्या मालातलं काय कळतंय! आज स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन हजार चार साल. आमच्या पिंपळगावच्या द्राक्ष सोसायटीचा पहिला कंटेनर विलायतेला निघणार होता. तिथं औषधाचा अंश सापडून माल नापास झाला, तर पुन्हा कुणी आम्हाला दारात उभं केलं नसतं. आणि मी, गेणू, लय शहाणा! तपासणीचा नमुना पास झाल्यावर भुरी रोगाच्या भीतीनं गुपचूप एक फवारा मारून बसलो होतो.

कुणीतरी उशिरा फवारलंय, अशी कुणकुण लागली आणि वहिनीनं मीटिंग बोलावली. तिची पद्धतच होती, विरोध करणाऱ्यानं आधी बोलायचं, ती शेवटी. मी तावातावानं उठलो. "रिपोर्ट पास हाय ना? मग कंटेनर भरा! ऐकीव गोष्टीवर कशाला जाता?" सगळ्यांचं ऐकून झाल्यावर वहिनी म्हणाली, "जा, कंटेनरला जाणाऱ्या ओळीतला एकेक घड घेऊन या. इथंच बसून खाऊ. ज्याचा त्यानं."

आमच्यात घरच्या खाण्यासाठी एक ओळ वेगळी राखतात, तिला उशिरा औषध लावत नाहीत. विकायच्या ओळीतलं, त्यात उशिरा फवारलेलं, कोण खातंय! हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तासाभरात सगळे घड घेऊन गोलात बसले. वहिनीनं आपला घड उचलला आणि बाजूला ठेवला. "आमच्या शेखरनं परवा फवारलंय. मला आज सकाळी कळलं. माझा माल पहिला बाहेर. कंटेनर अर्धा गेला तरी चालंल."

काय बाई म्हणावी ही! स्वतःच्या पोराचं नाव भर सभेत घेतलं. मी माझा घड तिच्या घडाशेजारी ठेवला.

"माझाबी बाहेर काढा," मी म्हणालो. मग आणखी चौघं तसंच म्हणत उठले. बाकीच्यांनी आपापले घड खाल्ले.

कंटेनर अर्धाच गेला, पण पास झाला. पुढच्या मीटिंगला ती म्हणाली, "यंदापासून बागा तपासायचं काम गेणूभाऊंकडं. लपवायच्या सगळ्या वाटा त्यांना ठाव्या हायेत."

सगळे हसले. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलं नाय.