बिबट्याचा वाटा

मनोहरभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हावड्याला उतरून आमच्या सॉल्ट लेकच्या घरी आले ते डबा काखेत धरूनच. माझी सून यामिनी हिनं तो ओट्यावर उघडला आणि लगेच झाकण लावलं. आई, हा कसला वास, म्हणाली. इथं शेजारी बारा महिने मासे तळतात, त्याला ती सरावली आहे. हा वास वेगळा होता.

भावजी म्हणाले, बोकडाचं मटण आहे, मीठ-हळद लावून चुलीवर वाळवलंय. मी एक तुकडा बोटांत चुरला. चरबी नावाला नाही, रेषा सुतासारखी सुटत होती. लग्न होऊन घाटमाथ्यावरच्या त्या वाडीत गेले, तेव्हा चुलीवरच्या दोरीला असलंच काही टांगलेलं असायचं. तरी मी बोलले नाही. माणसाला आधी जेवू द्यावं, मग तो आपणच बोलतो.

जेवताना त्यांनी विषय काढला. बिबट्या वाडीत शिरतोय. आधी कुत्री गेली, मग शेळ्या. शाळेची वाट ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळ्यांतून जाते, तिथंच तो बसलेला दिसला. त्यांची नात नूपुर आठवीत, पोर हुशार. पण आता आई तिला उंबरा ओलांडू देत नाही. शाळा कायमची सुटली की आमच्याकडं पोरीचं पुढं काय होतं, ते मला सांगायला नको. माझ्या मुलाचा, अजेयचा, एक वर्गमित्र तिकडं वनखात्यात मोठा साहेब आहे. अजेयनं त्याला फोन करावा, पिंजरा लावून घ्यावा, एवढ्यासाठी भावजी इतक्या लांब आले होते.

"शेळ्या किती राहिल्या?" मी विचारलं.

"येक बी न्हाई, वैनी. समद्या नेल्या त्येनं."

"मग हे बोकड कुणाचं?"

भावजींनी भाकरीचा तुकडा मोडला. यामिनी पाणी वाढायला उठली होती, ती तांब्या घेऊन उभीच राहिली.

"शेजाऱ्याचं," ते म्हणाले.

"कोणत्या शेजाऱ्याचं?"

"आवं, बोकडाची काय सोयरीक जुळवायचीय व्हय?"

"भावजी, हे भेकर आहे."

खाई त्याला खवखवे. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या मुलाला, सुरेशला, कारवीच्या झुडपांत दडवलेलं भेकर, म्हणजे लहानसं रानहरीण, सापडलं होतं. बिबट्यानंच मारलेलं, थोडंसं खाऊन ठेवलेलं. सुरेशनं ते पोत्यात घातलं आणि मोटारसायकलवरून घरी आणलं. पुढं चटकच लागली. बिबट्या दिसून वानरं खेकसली की पोरं त्या अंगाला धावायची, बिबट्याच्या तोंडचं उचलायची. उरलीसुरली भेकरं फासे लावून संपवली. मग त्यानं खायचं काय?

वाडीत आम्हीही कुणी संत नव्हतो. बिबट्यानं मारलेली शिकार माझ्या सासऱ्यांनीही आणली आहे आणि मी ती शिजवली आहे. पण सासरे मागची एक तंगडी आणि आतडं-कोथळा जागेवर ठेवून यायचे. त्यानं मारलं, आपण नेलं, पण त्याचं पोट राखून, असं म्हणायचे. त्या वाट्याला कुणी शिवायचं नाही.

"सुरेशनं वाटा ठेवला होता का?" मी विचारलं.

"आता कोन ठिवतंय, वैनी? आपन ठिवला तर मागनं दुसरा येऊन उचलतोय."

मी म्हणाले, मग पिंजऱ्यात सुरेशलाच घाला. भावजी हसले नाहीत. पोरगं ऐकत नाही, म्हणाले, तुम्ही नूपुरकडं बघा. नातीची काळजी खरी होती, डोळ्यांत दिसत होती. पण तिच्या आडून रानातला एक भाऊबंद वाटणीतून कायमचा उठवायचा होता का, ते मला त्यांच्या तोंडावरून कळेना. तरी मी अजेयला सांगितलं. पोरीचं वर्ष जायला नको.

भावजी परत गेले, पिंजरा लागला. पुढच्या कप्प्यात बिबट्या शिरला की दार पडतं. शेळी असते मागच्या कप्प्यात, मध्ये गज, म्हणजे तिला नख लागत नाही.

आठवड्यानं सकाळी भावजींचा फोन आला. बिबट्या येऊन शेळी घेऊन गेला, म्हणाले.

"आणि दार पडलं नाही?"

"न्हाई. दार वरच हाय."

"मग शेळी गेली कुठनं?"

"मागनं. मागच्या कप्प्याची कडी निघालीया."

"बिबट्यानं कडी काढली?"

"काढली आसंल, वैनी. त्यो बी आता शिकलाय."

मी पुढं खोदलं नाही. नूपुर शाळेत जाते का, एवढंच विचारलं.

"कशी जाईल? बिबट्या हाय की आजून," भावजी म्हणाले. "घरातच हाय पोर. मसाला वाटतीया."