हिरव्या थाळीतला ससा

मित्रांनो, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या या छोट्या अपार्टमेंटच्या भिंतीवर टांगलेली जुनी हिरवी थाळी म्हणजे मी. तुर्कस्तानात ऑटोमन सुलतानांचे राज्य होते, तेव्हा इझनिक गावच्या भट्टीत मी भाजून निघाले. माझ्या कारागिराने पानांच्या गर्दीत दोन हरणे रंगवली, एक ससा रंगवला आणि सशाच्या मागे शिकारी कुत्रा सोडला. ती धावपळ बघायलाच लोक मला हातात घेत.

अनेक घरे पाहत मी अमेरिकेत, ॲन आर्बरला पोहोचले. तिथे एका वृद्ध तुर्की बाईंनी गाव सोडताना मला आपल्या शेजारणीच्या, सुलभाकाकूंच्या हाती दिले. काकूंनी मला जेवणाच्या टेबलासमोर लावले. बाहेर बर्फ पडत असे आणि त्यांची लहानगी देवयानी घास तोंडात धरून बसे. मग तिचे बाबा, जगन्नाथकाका, माझ्याकडे बोट दाखवून सांगत, की तू घास गिळलास की ससा एक उडी पुढे जाईल. देवयानी भराभर जेवे आणि ससा कुठवर पोहोचला ते इंग्रजीत विचारी. तसे कौतुक मला पुन्हा कुठे मिळाले नाही.

देवयानी मोठी होऊन कॅलिफोर्नियाला गेली. काका वारले. माझ्यावर धूळ साचू लागली. मागच्या वर्षी ती आईला आपल्याकडे न्यायला आली. पॅकिंग करताना मी तिच्या हातून निसटले आणि माझे तीन तुकडे झाले.

"सॉरी आई. मी सेम अशीच नवीन ऑर्डर करते," ती म्हणाली.

काकू तुकडे टॉवेलात गोळा करत होत्या. "बाबा ज्याला पुढे पळवायचे, तो ससा कुठून ऑर्डर करशील?"

 देवयानी गुडघ्यांवर बसून सोफ्याखालचे कण शोधू लागली.

विद्यापीठात जुनी भांडी सांधायला शिकणाऱ्या गिरिजाने मला जोडले. कुत्र्याच्या तोंडाचा टवका मात्र सापडलाच नाही. तिथे नवे तोंड रंगवू का, असे तिने विचारले. काकू म्हणाल्या, राहू दे, बरेच झाले, आता ससा निवांत पळेल. हे ऐकून देवयानी हसली आणि हसता हसता रडली.

अजूनही मला ॲन आर्बरची ती बर्फाची खिडकी आठवते. पण आता संध्याकाळी ऑफिसच्या शटल बसने घरी आली, की देवयानी फोन बाजूला ठेवून आईशेजारी बसते आणि बाबांविषयी विचारते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू फुटली तर ती टाकण्याआधी थोडे थांबा. ती कोणाची आठवण आहे, ते मोठ्यांना विचारा. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच विचारून घ्या.