शेठ, तुम्ही बसूनच राहा

राग धरून ठेवू नये, असं अम्मी सांगते. मी बारा वर्षं धरला. सोडायची इच्छाच झाली नाही.

सतरा वर्षांची असताना व्हीलचेअरच्या शर्यतीत मी राज्यात पहिली आले. खांदा कॉलनीच्या मैदानावर सत्कार ठेवला होता. स्टेजला आठ पायऱ्या. क्रीडा संघटनेचे अध्यक्ष कमलाकरशेठ माझ्याजवळ येऊन गोड हसले. "कशाला तरास घेतेस, यूम्ना? तू बसूनच ऱ्हा."

माझं नाव पुकारलं, आणि पूर्वी नावाची शेठची मुलगी पायऱ्या चढून माझं पदक घेऊन आली. मी खालून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो तिचा, खाली नाव माझं. अब्बांनी कौतुकाने पाच पेपर आणले होते. ते त्यांनी भांड्यांच्या फळीवर अंथरले.

मी रडत शेठकडे गेले, तर म्हणाले, "नाव तं तुजाच छापलाय ना? मंग झाला!"

पुढे देशासाठी पदकं आणली. खांदा निकामी झाल्यावर टीव्हीवर खेळांचा कार्यक्रम करू लागले. आता पनवेलात शेठपेक्षा मला जास्त लोक ओळखतात.

गेल्या रविवारी त्याच मैदानावर शेठना जीवनगौरव पुरस्कार होता. आमच्या चॅनलवर थेट प्रक्षेपण, निवेदिका मी. माझी अट एकच होती, स्टेजला रॅम्प हवा.

नाव पुकारताच नवं जाकीट घातलेले शेठ उठले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण चालत होते ठणठणीत. रॅम्पपाशी पोचले, तेवढ्यात मी माइक उचलला.

"शेठ, थांबा! ऑपरेशन झालंय तुमचं. कशाला त्रास घेता? तुम्ही बसूनच राहा. तुमच्या वतीने पूर्वीताई पुरस्कार घेतील."

माझ्या काळजीवर लोक खूश. टाळ्या पडल्या. कॅमेरा शेठच्या तोंडावर. एवढ्या गावासमोर हट्ट कसा धरणार? हसल्यासारखं करून बसले. त्यांच्या मुलीचा चेहरा पडला. तिला सगळं आठवत होतं. माझ्याकडे न बघता तिने ढाल घेतली, फोटो निघाले. खाली शेठ टाळ्या वाजवत होते. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

कार्यक्रम संपताच शेठ तणतणत रॅम्प चढून आले. "माजा सत्कार, आनि फोटूत मीच नाय?"

मी खुर्चीचा ब्रेक काढला.

"नाव तं तुमचाच पुकारला ना, शेठ? मंग झाला!"