पाखऱ्याचं मूत आणि समितीची बाटली

त्र्याऐंशी सालच्या करडी गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गोमाजीची जोडी पहिली आली आणि पट समितीच्या पोटात दुखायला लागलं. दरवर्षी पहिला नंबर अध्यक्ष केशवरावांच्या बैलांचा, यंदा हुकला. लगेच भोंग्यावर आरोळी: "गोमाजीच्या पाखऱ्या बैलाले दारू पाजली! मूत तपासाले जाईल!"

गोमाजीची बायको सुलोचनाबाई पितळी लोटा घेऊन धावली. "यात घ्या जी. आत्ताच राखेनं घासला."

"आरोपीचं भांडं चालत नाही," केशवराव म्हणाले. तोंडाला मोहाच्या दारूचा भपकारा! मंडपामागं सकाळपासून काय चाललं होतं, साऱ्या गावाला ठाऊक. तिथलीच एक बाटली उचलली, पाखऱ्याचं मूत भरलं, बूच ठोकलं आणि दिली तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टराकडे धाडून. धुणं नाही, विसळणं नाही. बुडाशी घोटभर उरली होती, ती तशीच!

तपासात दारू निघाली. निघणारच, मेल्यांनो! जोडीला साऱ्या पटांत बंदी आली.

गोमाजी ताटावरून उठला. "बेवडे बैल म्हणून लोक हासून राहिले. उद्याच्या बाजारात जोडी इकून टाकतो."

"काहून इकता? त्या मुक्या जीवानं केलं काय?" सुलोचनाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. पाखऱ्याला तिनं वासरू असल्यापासून हातानं चारलं होतं. "उद्या सांजपावतर दावं सोडाल तं याद राखा!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती मंडपामागं गेली. बूच लावलेली, बुडाशी घोटभर उरलेली एक बाटली अजून तिथंच लोळत होती. ती आणि घरचा लोटा घेऊन तिनं थेट केशवरावांचं घर गाठलं. त्यांच्या पांढऱ्या गाईचं गोमूत्र गावभर शुद्धीला जायचं. केशवरावांची बायको ताराबाई गोठ्यातच होती.

"ताराबाई, तुमच्याच हातानं भरा. अर्धं लोट्यात, अर्धं बाटलीत."

ताराबाईनं बाटलीचा वास घेतला आणि सारं समजली. नवऱ्याच्या पिण्यानं तीही विटली होती. दोन्ही भरून दिलं, वर स्वतःही डॉक्टराकडे सोबत आली.

डॉक्टरानं तपासलं. लोट्यातलं स्वच्छ. बाटलीतल्यात दारू!

"गाय एकच जी," सुलोचनाबाई म्हणाली. "मंग अर्धी गाय पेली काय?"

डॉक्टर चाचरला. "मला काय माहीत, ती बाटली कसली होती?"

"मंग इचारलं काहून नाही? बैलाची इज्जत जाते, अन् तुम्ही बाटली नाही पाहत?"

डॉक्टराला तिनं तसाच करडीला आणला. समितीपुढं त्यानं खाली मान घालून सारं सांगितलं. केशवराव बायकोकडं पाहीनात. हळूच म्हणाले, "झालं गेलं इसरा. बंदी उठवतो. आता गवगवा कायले?"

"वा रे वा! बदनामी भोंग्यावर अन् माफी कानात? बांधा भोंगा!"

भोंगा बांधला. गाव जमलं. बाजाराला निघालेला गोमाजी जोडी घेऊन तिथंच थांबला. केशवरावांनी घसा खाकरला. "गोमाजीचा पाखऱ्या पेला नव्हता जी."

सुलोचनाबाईनं पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडली, "मंग कोण पेलं होतं, थेही सांगा!"