लेनर्डचं सॉरी

बसमधून उतरताना एका बाईंच्या छत्रीचं टोक लेनर्डच्या पोटरीत रुतलं आणि “सॉरी” त्यानंच म्हटलं. गल्लीच्या वळणावर तो कचऱ्याच्या डब्याला धडकला, तर त्यालाही म्हणाला. यॉर्कशायरमधल्या त्या गावात हा शब्द खोकल्यासारखा आपोआप तोंडातून सुटायचा. एकाच माणसाला तो म्हणायचा राहून गेला होता.

तो माणूस, त्याचा थोरला भाऊ विल्फ, दारातच उभा होता.

“आहेस म्हणायचा अजून! ये. पाय पूस आधी.”

विल्फनं चहा ओतला. फळांचा केक कापून प्रत्येक तुकड्यावर चीजची चकती ठेवली, आई ठेवायची तशी.

“गुडघा काय म्हणतो?”

“सॉरी?”

“गुडघा! अरे बहिऱ्या, यंत्र लाव की कानाला.”

“घरी राहिलं.”

गिरणीतल्या मागांनी लेनर्डचे कान कधीच नेले होते. पण आईचं शेवटचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं होतं. “विल्फला बोलाव,” ती म्हणाली होती. कुंपणाच्या कसल्याशा फालतू वादावरून भावांचा तेव्हा अबोला होता. “उद्या करतो फोन,” म्हणून त्यानं टाळलं. उजाडलं तेव्हा आई गेलेली होती. तिला मूठमाती देऊन परतताना विल्फनं हळूच विचारलं होतं, “माझं नाव काढलं का रे तिनं?” लेनर्डनं नकारार्थी मान हलवली होती. पुढं अबोला सुटला, येणंजाणं सुरू झालं. तेवढं मात्र तसंच राहिलं.

आता दोघंही गप्प होते. विल्फ खिडकीबाहेर बघत चहा ढवळत होता. डॉक्टरांनी आपल्याला थोडेच महिने दिलेत, हे त्यानं फोनवरच सांगून टाकलं होतं. आज त्याचा विषय काढायचा नव्हता.

लेनर्डनं कप खाली ठेवला. हात मांड्यांवर घासले.

“सॉरी, विल्फ.”

विल्फनं वळून पाहिलं. मग तो खुर्ची पुढं ओढून, लहान मुलाशी बोलावं तसा मोठ्यानं म्हणाला,

“मी काही बोललोच नाही, लेन!”

लेनर्डचं तोंड उघडं राहिलं. विल्फ हसत होता; इतक्या दिवसांनी हसत होता.

“पार गेले बघ तुझे कान. केक देऊ अजून?”

लेनर्डनं बशी पुढं केली. विल्फनं उरलेल्या केकमधला मोठा तुकडा त्याला वाढला.